तराईच्या पाण्याची अंघोळ

बाई, काल तुमच्या शोकसभेत मी तुमची चूक सांगितली. भर सभेत. तुमच्या फोटोला झेंडूचा हार होता, उदबत्ती जळत होती, तुमचे यजमान, आपले साहेब, पहिल्या खुर्चीत हातात रुमाल घेऊन बसले होते, अन् मी उभी राहून म्हटलं की बाई चुकल्या होत्या. आज सकाळपासून स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही. नका बोलू म्हणावं. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. दुसऱ्या कोणी कानात सांगायच्या आधी मीच सांगते, कारण पराचा कावळा करायला आपल्या शाळेत माणसं कमी नाहीत.

मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण तुम्हीच आम्हाला शिकवलं, मनात एक अन् ओठावर एक असं ठेवायचं नाही. तर माझ्या मनात राग आहे. दुःख पण आहे, खूप आहे. पण राग पहिले.

तुम्ही गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक जुनं रजिस्टर होतं, कोपरे उंदरानं खाल्लेले. शाळा टिनाच्या शेडमध्ये भरायची तेव्हाचं. उघडलं तर तुमचं अक्षर. एका बाजूला ‘साफ’, दुसऱ्या बाजूला ‘गंदे’, अन् खाली पोरांची नावं. हेडमास्तर म्हणाले, “देखिए बहनजी, मैडम कितनी बारीकी से काम करती थीं.” मंग त्यांनी त्यांचा बेत सांगितला. तुमच्या घरचे तुमच्या नावानं शाळेला ढाल देणार, सगळ्यात स्वच्छ वर्गाला दर महिन्याला मिळणार. त्यासाठी रोज प्रार्थनेला पोरांच्या दोन रांगा लावायच्या, साफ एकीकडे, गंदे दुसरीकडे. अन् दुसऱ्या रांगेतल्यांची नावं फाटकाजवळच्या पाटीवर लिहायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या आईबापांनी वाचावी अन् त्यांना लाज वाटावी.

“पद्धति मैडम की ही है,” ते म्हणाले, “मैं तो बस फिर से शुरू कर रहा हूँ. आप उनकी अपनी छात्रा हैं, आप ही सँभालिए.”

मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं मी लाजून राहिली. मी पुन्हा म्हटलं, नाही. तेव्हा ते फार गोड आवाजात म्हणाले की तुमची नोकरी अजून पक्की झाली नाही ना, बहनजी.

माझ्या तिसरीत बावन्न पोरं आहेत. त्यातली अर्धी मजुरांच्या कॅम्पची. त्या पाटीवर पहिल्या दिवशी कोणाची नावं चढतील ते मी नखं न पाहता सांगू शकते. सुकवारोचं चढेल, कारण तिची आई पहाटेच कामावर जाते अन् सुकवारोला अंघोळ घालायला घरी फक्त आठ वर्षांची सुकवारोच उरते. वामनचं चढेल. त्या दोघी बहिणींचं चढेल ज्या एकच फ्रॉक आलटून पालटून घालतात. अन् ते वाचून लाज वाटेल ती त्यांच्या आयांना नाही, कारण आयांना वाचता येत नाही. लाज वाटेल ती पोरांनाच. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच रजिस्टरात, तुमच्याच अक्षरात, ‘गंदे’च्या खाली लाल शाईनं माझं नाव होतं: सुलोचना, खुजली.

ती सकाळ तुम्हाला आठवत होती का, बाई? तुम्ही उभ्या जन्मात तिचा विषय काढला नाही. मग मीच काढते.

मी नऊ वर्षांची होती. आम्ही भंडाऱ्याकडचे. गावात आम्ही दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा गावानं आमच्याकडे पाहणं सोडलं. कोणी सांगितलं की दुर्गजवळ मोठा कारखाना उभा होऊन राहिला, हात असेल त्याला काम आहे. बाप खलाशी झाला, म्हणजे दोर लावून लोखंडाचे गर्डर वर चढवायचे. आई रेजा, काँक्रीटची घमेली डोक्यावर. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, डंपर गेला की सगळा कॅम्प दिसेनासा व्हायचा. पावडर लावायची गरजच नव्हती.

कॅम्पला नळ एक होता. सकाळी एक तास पाणी. आमची घागर भरून झाली की मागची बाई राखेनं नळाची तोटी घासायची अन् मंग तिची घागर लावायची. पहिल्या दिवशी आईनं पाहिलं अन् गप्प बसली. दुसऱ्या दिवशी भरलेली घागर तिथेच ओतून दिली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “सुली, या नळाचं पाणी आपल्याले नाही पायजे. तहानेनं मरू, पण नाही पायजे.” प्यायचं पाणी ती कोसभर लांबून विहिरीवरून आणायला लागली. पण अंघोळीला कुठून आणणार?

तर आईनं युक्ती काढली. नवं काँक्रीट ओतलं की ते तडकू नये म्हणून त्याच्यावर मातीच्या छोट्या पाळी घालतात अन् आत पाणी भरून ठेवतात. त्याला तराई म्हणतात. फर्नेसचा पाया तेव्हा नुकता ओतला होता, केवढा थोरला, अन् त्याच्यावर वीतभर पाणी, आरपार दिसणारं. आई मला भोंग्याच्या आधी तिथे न्यायची अन् म्हणायची, “बस. हे सरकारी पाणी आहे. कोणाच्या बापाचं नाही.” मी परकर नेसून त्यात बसायची. थंडीत दातावर दात वाजायचे, पण रोज. आईला त्या पाण्याचं भारी कौतुक होतं. अंगावर घेतलं की बुळबुळीत लागायचं. “पाय, साबण बी लागत नाही,” ती आजूबाजूच्या बायांना सांगायची.

तो बुळबुळीतपणा सिमेंटातल्या चुन्याचा होता हे तिला काय माहीत? कोणाला माहीत होतं? महिनाभरात माझे हात पांढरे पडले. बोटांच्या बेचक्यांत चिरा गेल्या, अन् त्यातून पाणी यायला लागलं. आई म्हणायची, थंडी आहे, कातडं उलते. रोज अंघोळ केलेलं अंग खराब कसं होईल?

अन् मग तुमची तपासणी. “चलो, नाखून दिखाओ, दाँत दिखाओ.” तुमची पांढरी कडक साडी, हातात फूटपट्टी. रांगेत आम्ही हात पुढे करून उभे. तुम्ही माझ्यापाशी आल्या, फूटपट्टीनं माझा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. हात लावला नाही. म्हणाल्या, “खुजली है. उस लाइन में.” मंग हळूच मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळू नये म्हणून की मला नीट कळावं म्हणून कोण जाणे: “आईले सांग, पोरीले अंघोळ घालत जाय. हे घाण घेऊन शाळेत नको पाठवू.”

साफवाल्या रांगेत माझ्या वर्गातली एक पोरगी उभी होती, क्वार्टरमध्ये राहायची. बुधवारी अन् रविवारी न्हायची. तिनंच मला सांगितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, अन् एक शब्द बोलली नाही. बाई, त्या दिवशी नाही बोलली तेच आजपर्यंत बोलून राहिली मी.

दुसऱ्या दिवशी माझी आई आली. कामावरून तशीच, कोपरापर्यंत सिमेंट, डोक्यावरची चुंभळसुद्धा काढली नव्हती. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, “कोनती बाई आहे ते?”

तुम्ही उठल्या.

“माही पोरगी रोज आंघोळ करते, बाई. रोज. थंडीत बी. तुमच्या घरची करतात काय?”

“कुठं करते?” तुम्ही विचारलं.

“आमच्या कामावर. तराईच्या पाण्यात. तुमच्या नळापरस चांगलं पाणी आहे, येऊन पाहा.”

तुमचा चेहरा मला आठवतो. राग नव्हता त्यात. काहीतरी हिशेब जमत नसल्यासारखा होता. तो जमला संध्याकाळी, तुम्ही साहेबांना विचारलं तेव्हा. साहेब काँक्रीटवरच सुपरवायझर होते. हे मला त्यांनीच सांगितलं, मी मोठी झाल्यावर, चहा पिता पिता, हसत हसत: “ही विचारते, तराईचं पाणी अंगाले लागलं तर काय होते. मी म्हटलं, मजुराइचे पाय नाही पाहिले काय तुनं?” ते हसले अन् मी नाही हसली, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

अन् तुम्ही आल्या, बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी, येऊन पाहा म्हटलं म्हणून. मी पाण्यात बसली होती. मुरुमाच्या ढिगांमधून, साडी वर धरून, छत्री घेऊन तुम्ही येऊन राहिल्या होत्या अन् डंपरचे ड्रायव्हर गाड्या थांबवून पाहत होते. तुम्ही खाली वाकल्या, पाण्यात हात घातला, बोटं एकमेकांवर घासली. मग आईला म्हणाल्या, “हे पाणी पोरीले जाळून राहिलं.”

आई म्हणाली, “मंग कोनतं देता?”

एवढंच म्हणाली. स्वच्छतेवर मी ट्रेनिंगमध्ये इतकी पुस्तकं वाचली, पण याच्यापेक्षा मोठा प्रश्न मला अजून सापडला नाही. ओला हात पदराला पुसून तुम्ही तशाच परत गेल्या.

पण दोन दिवसांनी उत्तर आलं. तुम्ही शाळेच्या तासभर आधी यायला लागल्या. मागच्या भिंतीजवळच्या नळाला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली अन् कॅम्पमधल्या पोरींना सांगून पाठवलं, ज्यांना न्हायचं आहे त्यांनी या. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, हा नळ प्यायच्या पाण्याचा आहे. तुम्ही म्हणाल्या, “तो क्या बच्चे नाली के पानी से नहाएँगे, सर?” तोटी कोणी राखेनं घासत नव्हतं तिथे. एक पोरगी घासायला गेली तर तुम्ही तिचा कान धरला.

अन् माझे हात. तुम्ही मला टेबलाजवळ बसवलं, तळहातावर खोबरेल तेल घेतलं, अन् माझ्या एकेका बोटाच्या बेचक्यात चोळलं. फूटपट्टी खणात होती. अख्खा वर्ग पाहत होता. दहा-बारा दिवस तुम्ही रोज हे केलं. माझ्या हाताला आईबापाशिवाय दुसऱ्या कोणी असा हात लावला नव्हता. मी घरी जाऊन हात धुवायची नाही. आई ओरडायची.

त्याच आठवड्यात दुसरी रांग बंद झाली. कोणाला काही न सांगता. तपासणी चालू राहिली, उलट कडक झाली, पण एकाच रांगेत. ज्याचं जे घाण असेल ते त्याच्या कानात सांगायच्या. पोरांना वाटलं, बाईंना दोन रांगा लावायचा कंटाळा आला.

इथूनच आपलं भांडण आहे, बाई.

मी मॅट्रिक झाली, ट्रेनिंग केलं, अन् चार वर्षांपूर्वी तुमच्याच शाळेत तुमच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मधल्या सुट्टीत आपण डबे उघडायचो. तुम्हाला माझ्या आईचा झुणका लागायचा, मला तुमची अंबाडीची भाजी. एक दिवस मी धीर करून विचारलं.

“बाई, तुम्ही पोरांना सांगता, चूक झाली तर चारचौघांत कबूल करायची. माझी केली का तुम्ही?”

तुम्ही घास गिळला. “सुधारली ना.”

“सुधारणं वेगळं, कबूल करणं वेगळं.”

“ज्यानं सुधारली त्यानं बोलायची गरज नाही. बोलणारे पुष्कळ आहेत.”

“पण बोललं नाही तर लोकांना कसं कळेल, ती चूक होती म्हणून?”

“तुले कळलं ना? झालं तर.”

“नाही झालं.”

“लय भांडखोर आहेस तू, सुलोचना.”

“तुम्हीच शिकवलं.”

मग तुम्ही हसून माझ्या डब्यात लोणच्याची फोड टाकली. आपलं प्रत्येक भांडण असंच लोणच्यावर मिटायचं, म्हणजे मिटायचंच नाही.

दुसरं एक भांडण होतं, त्यात तुम्ही बरोबर होत्या. आज सांगते, तुम्ही असताना मेली तरी सांगितलं नसतं. मी म्हणायची, पहिले पाणी द्या, मग तपासा. गरिबाचीच नखं का दिसतात सगळ्यांना? तुम्ही म्हणायच्या, “पाणी येईपर्यंत नखं वाढू द्यायची काय? नखं कापायले पाणी लागत नाही. गरिबी आहे म्हणून खरूज माफ करत नाही कोणाले.” मी वाद घालायची अन् शनिवारी ब्लेड घेऊन माझ्या वर्गात गुपचूप नखं कापायची. कडुनिंबाच्या काड्या मीच तोडून आणते, अजूनही. तुम्ही कधी विचारलं नाही, पण खिडकीतून पाहत असणार.

अन् सातवीच्या मुलींना तुम्ही वेगळं बसवलं होतं तो दिवस. दार लावून घेतलं अन् सरळ सांगितलं, पाळीची कापडं छपराखाली, खाटेखाली लपवून वाळवायची नाहीत, उन्हात टाकायची. “ही लाज नाही, ही सफाई आहे,” म्हणाल्या. आम्ही मेल्यासारख्या खाली पाहत होतो. घरी मी आईला सांगितलं तर तिनं मला धपाटा घातला. मग पहिल्यांदा तिनं वरून जुनं लुगडं पांघरून वाळत घातली. पुढच्या महिन्यात लुगडं पण नाही. बाप तिकडून जाताना फक्त मान वळवायचा. कॅम्पच्या त्या ओळीत आमच्या घरची कापडं सगळ्यात आधी उन्हात आली, तुमच्यामुळे. त्या महिन्यापासून अंगाची आग बंद झाली. किती जणींची झाली असेल, त्या कोणाला सांगणार?

म्हणून तर राग येतो. इतकं धीट बोलणारी बाई एक वाक्य बोलू शकली नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला म्हणाल्या, नखं काप. तुमच्या हातात काही राहिलं नव्हतं, नुसत्या शिरा. मी खाटेवर बसून एकेक बोट घेऊन कापली. मला वाटलं, आता बोलतील. मी मुद्दाम हळू कापत होती. झाल्यावर तुम्ही दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, पाहिले, अन् म्हणाल्या, “अंगठ्याचं राहिलं.” मी अंगठ्याचं कापलं. तेच आपलं शेवटचं बोलणं.

तर त्या रजिस्टरात पुढची पानं होती, बाई. माझ्या नावाच्या आठवड्यानंतर दोन रकान्यांचा एकच झाला आहे. मी हेडमास्तरांना पान उलटून दाखवलं. ते म्हणाले, “रजिस्टर का नमूना बदल गया होगा.” बस. तुम्ही तिथे एक ओळ लिहिली असती, ‘हे चूक होतं’, तर त्यांना काही म्हणता आलं नसतं. नाही लिहिली. चूक तुमच्या अक्षरात आहे, सुधारणा बिनअक्षरी. आता तुम्ही नाही, तर लोक अक्षरच वाचणार ना?

तेरवीला मी साहेबांना म्हटलं, ढाल नका देऊ. ते म्हणाले, “तिच्या नावानं काहीतरी राहू दे, सुली.” त्यांचे डोळे पाहिले अन् मी चप्पल घालून घरी निघाली.

मंग काल सभा झाली. एक पुढारी बोलले की बाईंनी कॅम्पच्या गलिच्छ लोकांना अंघोळ करायला शिकवली. माझी आई मागे सतरंजीवर बसली होती. हेडमास्तर बोलले की मैडमनी चिखलात कमळं फुलवली, अन् माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे कमळ मी अन् चिखल माझे आईबाप. मग त्यांनी ढाल जाहीर केली, दोन रांगा जाहीर केल्या, पाटी जाहीर केली. टाळ्या पडल्या. अन् म्हणाले, आता सुलोचना बहनजी दोन शब्द बोलतील.

दोन नाही बोलली. सगळं बोलली. तराई, फूटपट्टी, खुजली, ताडपत्री, तेल. म्हटलं, दोन रांगा ही बाईंची पद्धत नव्हती, ती बाईंची चूक होती, अन् ती त्यांनी स्वतः मोडली. ज्या पोरीला त्यांनी घाण म्हणून बाजूला काढलं ती त्या शाळेतली सगळ्यात जास्त अंघोळ करणारी पोरगी होती. बाईंची आठवण ठेवायची असेल तर नळ वाढवा. पाटी लावाल तर ती मी पुसेन, रोज पुसेन, नोकरीवरून काढा.

हेडमास्तर उभे राहिले. “यह मौका नहीं है, बहनजी. दिवंगत आत्मा का अपमान है.” साहेबांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, नोकरी गेली अन् तुमचं घर पण गेलं.

तेव्हा बायांमधून आवाज आला. तुमच्या सासूबाई. भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना ऐकू कमी येते म्हणून कोणी त्यांच्याकडे लक्ष पण दिलं नव्हतं, पण माईकवरचं त्यांनी सगळं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी ‘आली काय’ याच्यापुढे बोलल्या नाहीत.

“खोटं नाही बोलून राहिली ते,” आजी म्हणाल्या. “सून घरी येऊन म्हणे, आज मी त्या लोकाइच्या पोरीच्या हाताले तेल लावलं. मी म्हटलं, आंघोळ करून ये, मंग चुलीपाशी जाय. केली तिनं. दुसऱ्या दिवशी म्हणे, पुन्हा लावलं. पुन्हा करायले लावली. पाच-सहा दिवस. थंडी होती लय.”

आजी तशाच पुढे बोलत राहिल्या.

“मंग एक दिवस चुलीपुढे बसली तशीच. म्हणे, आत्याबाई, आज मी आंघोळ नाही करत. मी घाण नाही, अन् ते पोरगी बी घाण नाही. मी म्हटलं, मंग मी तुह्या हातचं जेवत नाही. म्हणे, नका जेवू.”

“फिर?” हेडमास्तरांनी विचारलं. खरंच, त्यांनीच विचारलं.

“मंग काय. दोन दिवस नाही जेवली. तिसऱ्या दिवशी भूक लागली.” आजींनी पदर सावरला. “ते चुकली होती एक दिवस. मी जन्मभर चुकली. गुरुजी, घाण लोकाइची पाटी लावायची असन तं पयले माहं नाव लिहा.”

पाटी नाही लागली, बाई. साहेबांनी ढाल परत घेतली. माझ्या नोकरीचं काय होईल ते मार्चमध्ये कळेल.

पण मी तुम्हाला सोडणार नाही. ‘ते पोरगी बी घाण नाही.’ हे वाक्य तुमच्यापाशी होतं. तुम्ही ते चुलीपाशी म्हटलं, सासूला उपाशी ठेवून म्हटलं, अन् ज्या पोरीला ते ऐकायचं होतं तिला म्हटलं नाही. नऊ वर्षांची होती मी. हात बरे झाले, पण मला किती वर्षं वाटत होतं की आत कुठेतरी खुजली आहे. तेलानं ते जात नाही, बाई. ते सांगावं लागते.

आज मी प्रार्थनेनंतर बावन्न जणांच्या पुढे एकेक करून बसली. प्रत्येकाचा हात हातात घेतला अन् मोठ्यानं सांगितलं, शेजारच्याला ऐकू जाईल असं: तू घाण नाहीस. नखं वाढली आहेत, ती आपण कापू.